चाकाखालचा हिवाळा

जर्मनीत नोकरीसाठी गेलेल्या मराठी जोडप्यांचा एक ठरलेला क्रम दिसतो. आधी ट्रामचा मासिक पास, मग महागडं आणि घाम काढणारं लायसन्स, आणि मग एखादी छोटी नवी गाडी. पोलो, कोर्सा किंवा आय-१०. गाडी उन्हाळ्यात दारात येते. ऑक्टोबर लागला की शेजारी, सहकारी, पार्किंगमध्ये भेटणारे आजोबा असे सगळेच विचारू लागतात, ‘टायर बदलले का?’ गाडी नवी, टायर नवे, त्यांवरची नक्षी अजून जशीच्या तशी. मग बदलायचे कशासाठी?

दुकानात गेलं की आणखी एक पेच पडतो. विक्रेता एका टायरकडे बोट दाखवून म्हणतो, हा थंडीत मऊ राहतो म्हणून चांगला पकडतो. त्याच टायरच्या लेबलवर मात्र इंधनाच्या बचतीसाठी बऱ्यापैकी वरचं अक्षर छापलेलं असतं. मऊ चाक ढकलायला जड, हे हवा उतरलेली सायकल हाकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. मग मऊपणा आणि बचत एकाच टायरमध्ये कशी राहतात? या प्रश्नाचं उत्तर कळलं की खरेदीही सोपी होते आणि गाडीची हिवाळी देखभालही.

रबर, थंडी आणि चिक्की

रबर म्हणजे लांबच लांब रेणूंचा गुंता. उष्णतेमुळे हे रेणू सतत वळवळत असतात, म्हणून रबर ताणता येतं, दाबता येतं. तापमान उतरलं की वळवळ मंदावते, आणि एका मर्यादेखाली रबर काचेसारखं कडक होतं. ही मर्यादा प्रत्येक मिश्रणाची वेगळी असते. उन्हाळी टायरचं मिश्रण तापलेल्या रस्त्यावर न झिजता टिकावं म्हणून बनवलेलं असल्यामुळे ते थंडीत लवकर ताठर होतं. हिवाळी मिश्रणाची मर्यादा बरीच खाली ढकललेली असते.

चिक्की करताना हे हाताला जाणवतं. गुळाचा पाक ताटात थापल्यावर गरम असेपर्यंत वड्या पाडता येतात आणि पूर्ण गार झाला की तुकडे पडतात. मधल्या कोमट अवस्थेत आणखी एक गंमत असते. चिक्की हळूहळू वाकवली तर वाकते, झटक्यात वाकवली तर तुटते. पदार्थ तोच, तापमानही तेच, पण वेग बदलला की वागणं बदलतं. झटका दिला की चिक्की जणू आणखी गार असल्यासारखी वागते. रबरही असंच वागतं, आणि टायर बनवणाऱ्यांची सगळी करामत या एका गुणावर उभी आहे.

टायरच्या रबराला दोन अगदी वेगळ्या वेगांची कामं करावी लागतात. पहिलं काम फिरण्याचं. चाक फिरताना टायरचा जो भाग जमिनीला टेकतो तो चपटा होतो आणि उचलला गेला की पुन्हा गोल होतो. छोट्या गाडीच्या चाकाचा घेर दोन मीटरच्या थोडा आत असतो, म्हणजे ताशी १०० किलोमीटरला प्रत्येक भाग सेकंदाला पंधराएक वेळा चेपला जातो. प्रत्येक वेळी थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपात वाया जाते. प्रवासानंतर टायर हाताला कोमट लागतो तो बहुतांशी यामुळेच. चाक फिरतं ठेवण्यासाठी लागणाऱ्या या जोराला रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात आणि पेट्रोलचा एक मोठा वाटा तो खातो.

दुसरं काम पकडीचं. ब्रेक दाबल्यावर रबर रस्त्याच्या बारीक खरखरीत कणांवरून किंचित घसरतं आणि त्या कणांभोवती वाकतं-सुटतं. कण बारीक असल्यामुळे हे वाकणं सेकंदाला हजारो ते लाखो वेळा होतं. इथे ऊर्जा वाया जायलाच हवी, कारण गाडीचा वेग त्यातूनच कमी होतो.

म्हणजे मिश्रण असं हवं की संथ चेपण्यात त्याने ऊर्जा राखावी आणि जलद थरथरीत ती उधळावी. फार वर्षं हे जमत नव्हतं. रबराला बळकटी देण्यासाठी त्यात काजळी घालत. टायर काळा असतो तो तिच्यामुळे. काजळीचे कण एकमेकांना चिकटून जाळं धरतात, आणि टायर चेपला गेला की ते जाळं दर वेळी मोडतं आणि पुन्हा जुळतं. त्यातच उष्णता निर्माण होते. १९९२ साली मिशलॅं कंपनीने काजळीचा मोठा हिस्सा काढून त्याजागी सिलिका घातलेला टायर बाजारात आणला. सिलिका म्हणजे वाळूत असतं तेच द्रव्य, पण अतिसूक्ष्म भुकटीच्या रूपात. सिलेन नावाच्या जोडद्रव्यामुळे सिलिकाचे कण एकमेकांऐवजी रबराच्या रेणूंना धरून राहतात. फिरतानाची घासाघीस कमी झाली आणि ओल्या रस्त्यावरची पकड मात्र टिकली. आजचे चांगले हिवाळी टायर याच वाटेने आले आहेत. मऊ असणं आणि ऊर्जा उधळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं लक्षात आलं की दुकानातला पेच सुटतो.

सात अंशांखाली हिवाळी टायर लावा, असा एक आकडा युरोपभर ऐकू येतो. तो लक्षात ठेवायला बरा आहे, पण त्या अंशावर काही जादू होत नाही. कोरड्या रस्त्यावर पाच अंशांतही चांगला उन्हाळी टायर मागे पडत नाही. फरक पडतो तो ओलं, चिखल-बर्फ आणि पांढरा रस्ता सुरू झाल्यावर. आणि तो फार मोठा असतो.

बर्फाला बर्फच धरतो

हिवाळी टायर जवळून पाहिला तर त्याच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने कापल्यासारख्या नागमोडी चिरा दिसतात. त्यांना लॅमेला म्हणतात. ठोकळा जमिनीला टेकून ताणला गेला की चिरा किंचित उघडतात, त्यांच्या कडा बर्फात रुततात आणि थोडा बर्फ आत अडकतो. रुंद खाचांतही बर्फ ठासून बसतो. उन्हाळी टायरच्या सवयीने हा बर्फ कोरून काढावासा वाटतो, पण तो कामाचा असतो. दाबलेला बर्फ खालच्या बर्फाला रबरापेक्षा चांगला चिकटतो.

गोठलेल्या पाण्याचा गुळगुळीत थर ही मात्र वेगळी आपत्ती आहे. तिथे रुतायला काही नसतं. शून्याच्या आसपास तर त्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो, म्हणून उणे पंधरा अंशांच्या थरापेक्षा शून्याजवळचा थर जास्त घसरडा. स्कँडिनेव्हियात यासाठी टायरमध्ये धातूचे खिळे बसवतात. जर्मनीत रस्ते खराब होतात म्हणून त्यांना जवळपास बंदीच आहे.

हिवाळी टायरची सुरुवात फिनलंडची. तिथल्या एका रबर कारखान्याने १९३४ साली बर्फासाठी खास ट्रकचा टायर काढला आणि १९३६ मध्ये मोटारींसाठी ‘हक्कापेलीटा’. कारखाना नोकिया नावाच्या गावातला. होय, तेच नोकिया. पुढे १९६७ मध्ये हा कारखाना, एक कागद कंपनी आणि एक केबल कंपनी एकत्र आल्या, आणि त्या समूहाने नंतर आपल्या सगळ्यांच्या खिशात फोन ठेवले. टायरवाले पुढे वेगळे झाले. जर्मन दुकानात आपल्याकडची नावंही भेटतात. मुंबईत मुख्यालय असलेल्या सिएटचे हिवाळी टायर तिथे मिळतात, आणि या कंपनीचा मूळ जन्म १९२४ चा, इटलीतल्या तुरीनचा. फ्रेडेस्टाइन हा डच ब्रँड २००९ पासून अपोलोच्या मालकीचा आहे.

लेबलवरची दोन अक्षरं, आणि पैशांचा हिशेब

युरोपात विकल्या जाणाऱ्या जवळपास प्रत्येक टायरला लेबल असतं. मे २०२१ पासूनच्या लेबलवर इंधनासाठी एक आणि ओल्या रस्त्यावर थांबण्यासाठी एक अशी ए ते ई पर्यंतची अक्षरं, आवाजाचा आकडा आणि बर्फाची चिन्हं असतात. इंधनाचं अक्षर रोलिंग रेझिस्टन्सवरून ठरतं. एक टन वजन फिरतं ठेवायला साडेसहा किलोपर्यंत जोर लागत असेल तर ए, ७.८ ते ९ किलो लागत असेल तर सी, आणि १०.६ किलो किंवा त्याहून जास्त असेल तर ई.

पैशांत याचा अर्थ काय होतो ते पाहू. दोन माणसांसह छोट्या गाडीचं वजन सुमारे १,२०० किलो धरा. ए आणि ई या टोकांमध्ये जवळपास पाच किलो जोराचा फरक पडतो. पेट्रोलच्या ऊर्जेचा चौथा हिस्साच चाकांपर्यंत पोचतो असं धरलं तर १०० किलोमीटरला अर्धा लिटर किंवा किंचित जास्त पेट्रोल वाचतं. ही बचत कमी नव्हे. पण हिवाळी टायरमध्ये निवड सहसा टोकांत नसते, ती बी आणि सी या शेजाऱ्यांत असते. तिथला फरक १०० किलोमीटरला पाव लिटरच्याही आत येतो. हिवाळ्यात पाच हजार किलोमीटर गाडी चालली तर नऊ-दहा लिटर पेट्रोल, म्हणजे एका माणसाचं बाहेरचं एक जेवण.

आता दुसरं अक्षर. समजा एक गाडी ताशी ८० वरून ओल्या रस्त्यावर ३० मीटरमध्ये थांबते आणि दुसरीला ३६ मीटर लागतात. सहा मीटर ऐकायला थोडे वाटतात. पण पहिली गाडी जिथे उभी राहिली तिथे दुसरीचा वेग अजून ताशी ३३ किलोमीटर असतो. थांबण्याचं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, त्यामुळे शेवटच्या काही मीटरांत बराच वेग शिल्लक असतो. ओल्या पकडीचं एक अक्षर गमावून इंधनाचं एक अक्षर मिळवणं हा सौदा मला तरी कधीच पटलेला नाही. आधी ओली पकड बघावी, मग बर्फावरच्या चाचण्यांचे निकाल, आणि एवढं जुळल्यावर इंधन.

इथे एक सापळाही आहे. स्कँडिनेव्हियासाठी बनवलेल्या बिनखिळ्यांच्या टायरला इंधनात वरचं अक्षर मिळतं आणि लेबलवर गोठलेल्या थराचं चिन्हही दिसतं. ते पाहून हा सर्वांत उत्तम टायर असं वाटतं. पण त्याचं अतिमऊ रबर पावसाने ओल्या झालेल्या, दोन-चार अंशांच्या रस्त्यावर कमी पडतं आणि ओल्या पकडीचं अक्षर खाली घसरलेलं असतं. लॅपलंडमध्ये तो राजा आहे. स्टुटगार्ट किंवा फ्रँकफर्टच्या हिवाळ्यात मात्र बर्फाचे दिवस थोडे आणि भिजलेल्या महामार्गाचे दिवस फार.

चौकट: टायरच्या कडेवर काय वाचाल
१८५/६५ आर १५ : रुंदी १८५ मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंचांची.
त्यापुढचा आकडा आणि अक्षर : टायर पेलू शकणारं वजन आणि कमाल वेग. गाडीच्या कमाल वेगापेक्षा कमी वेगाचा हिवाळी टायर जर्मनीत चालतो, पण चालकाला दिसेल असं त्याचं स्टिकर लावावं लागतं.
‘DOT’ अक्षरांपासून सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे : ३८२४ म्हणजे २०२४ सालचा अडतिसावा आठवडा.
तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण : बर्फावर चाचणी झाल्याची खूण. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी टायर म्हणून हीच खूण मानली जाते. नुसती ‘एम+एस’ ही जुनी खूण आता पुरत नाही, कारण त्यामागे कुठलीही चाचणी नसते.

जर्मनीचा कायदा तारखेवर नाही, परिस्थितीवर चालतो. रस्त्यावर बर्फ, गोठलेला थर किंवा चिखल-बर्फ असेल तेव्हा टायर हिवाळीच हवेत, नाहीतर दंड ६० युरोंपासून सुरू होतो आणि लायसन्सच्या खात्यावर एक पॉइंट लागतो. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात मात्र तारखा ठरलेल्या आहेत : १ डिसेंबर ते १५ मार्च.

मापाच्या बाबतीत एक सुचवणी. हल्ली छोट्या गाड्यासुद्धा शोरूममधून सोळा-सतरा इंची रुबाबदार चाकांवर निघतात. गाडीच्या कागदपत्रांत कुठली मापं चालतात ते दिलेलं असतं. हिवाळ्यासाठी त्यातलं सर्वांत लहान आणि अरुंद माप घ्यावं. अरुंद टायर चिखल-बर्फ कापत खाली पोचतो, साचलेल्या पाण्यावर उशिरा तरंगू लागतो, हवेला कमी अडवतो आणि स्वस्तही पडतो.

न दिसणारी गळती : हवा

इंधनाची खरी गळती लेबलपेक्षा टायरमधल्या हवेत असते. तापमान दहा अंशांनी उतरलं की टायरचा दाब साधारण ०.१ बारने, म्हणजे दीड पीएसआयने घटतो. वीस अंशांच्या गॅरेजमध्ये ३३ पीएसआय भरून निघालात आणि बाहेर उणे दहा असेल, तर थोड्याच वेळात टायरमध्ये अठ्ठावीस-एकोणतीस उरतात. कुठे पंक्चर नाही, वॉल्व्ह गळत नाही, पण टायर जास्त चेपू लागतो, जास्त तापतो आणि जास्त पेट्रोल खातो. अशा वेळी बी वर्गाचा टायर सीसारखा वागू शकतो.

नव्या गाडीला दाबाची सूचना देणारा दिवा असतो. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या मोटारीला तो बंधनकारक आहे. पण तो साधारण पाचवा हिस्सा हवा गेल्यावर लागतो. वरच्या उदाहरणात घट त्याहून कमी आहे, म्हणजे दिवा गप्पच राहील. म्हणून हिवाळ्यात महिन्यातून एकदा, टायर गार असताना, दाब मोजणं हा सर्वांत स्वस्त उपाय. बऱ्याच छोट्या गाड्यांत चाकात सेन्सर नसतो. चाकांच्या फिरण्याच्या वेगातल्या फरकावरून गाडी अंदाज बांधते. अशा गाडीत टायर बदलल्यावर आणि हवा भरल्यावर मेनूमधून ‘रीसेट’ करायला विसरू नये, नाहीतर गाडी जुनाच दाब खरा मानत राहते.

टायर बदलून आणल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटरांनी बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासून घ्यावेत. नव्या टायरवर सुरुवातीचे दोन-तीनशे किलोमीटर जपून चालवावं. पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि पकड पूर्ण खुललेली नसते.

छोट्या फेऱ्यांची मोठी खोट

हिवाळ्यात गाडी जास्त पेट्रोल पिते त्याचं सगळं खापर टायरवर फोडू नये. शून्य अंशांची हवा पंचवीस अंशांच्या हवेपेक्षा सुमारे नऊ टक्के दाट असते, म्हणून तिला भेदायला जास्त जोर लागतो. ओल्या रस्त्यावर टायरला पाणी बाजूला सारावं लागतं. मागची काच, सीट आणि आरसे गरम करायला वीज लागते. आणि सर्वांत मोठं कारण म्हणजे गार इंजिन.

घर ते बालवाडी, बालवाडी ते सुपरमार्केट अशा तीन-चार किलोमीटरांच्या फेऱ्यांत इंजिन कधी तापतच नाही. गार सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट वाफ होत नाही, म्हणून इंजिन जादा पेट्रोल घेतं. त्यातलं थोडं न जळता भिंतींवरून ओघळून खालच्या तेलात मिसळतं. जळणातून तयार होणारी वाफही पाणी होऊन तेलात साचते. तापमानाचा काटा नव्वदवर आला की आपल्याला वाटतं झालं, पण तो काटा कूलंटचा असतो. तेल तापायला त्याहून बराच वेळ लागतो. टायरचंही तसंच, तो कोमट होऊन हलका फिरू लागेपर्यंत आपण पोचलेले असतो.

उपाय सरळ आहे. आठवड्यातून एकदा महामार्गावर अर्धा-पाऊण तास सलग गाडी न्यावी, म्हणजे तेलातलं पेट्रोल आणि पाणी उडून जातं आणि बॅटरीही भरते. बॅटरीची थंडीत दुहेरी कोंडी होते : तिच्यातली रासायनिक क्रिया मंदावते, आणि घट्ट झालेल्या तेलातून इंजिन फिरवायला मात्र जास्त ताकद लागते. उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवून तापवण्याचा मोह टाळावा. त्याने इंजिन फार हळू तापतं, आणि जर्मनीत विनाकारण इंजिन चालू ठेवणं बेकायदेशीर आहे. तेलाची जात मॅन्युअलमध्ये लिहिलेली असते तीच घालावी. ०डब्ल्यू-२० मधला पहिला आकडा थंडीतल्या पातळपणाचा असतो, तो जितका लहान तितकं तेल पहाटे लवकर वर चढतं.

बाकीची कामं किरकोळ आहेत. कूलंटची गोठण-मर्यादा गॅरेजमध्ये तपासून घ्यावी. काच धुण्याच्या पाण्यात न गोठणारं द्रव घालावं, आणि बटण दाबून ते नळ्यांपर्यंत पोचवावं, कारण नळ्यांत उन्हाळ्याचं साधं पाणी राहिलेलं असतं. दारांच्या रबराला सिलिकॉनची कांडी फिरवावी म्हणजे सकाळी दार चिकटत नाही. रस्त्यावर टाकलेलं मीठ गाडीच्या पोटाला लागून गंज आणतं, तेव्हा शून्याच्या वर तापमान आलेल्या दिवशी खालून धुऊन घ्यावी.

वसंतात टायर काढताना प्रत्येकावर खडूने जागा लिहावी : पुढचा डावा, मागचा उजवा. रिमसह असतील तर आडवे एकावर एक रचून अंधाऱ्या, कोरड्या तळघरात ठेवावेत. नक्षीची खोली जर्मन कायद्याला १.६ मिलिमीटर पुरते, पण चार मिलिमीटरच्या खाली चिरा उथळ होतात आणि बर्फ धरायला जागा उरत नाही. ऑस्ट्रियात तर चारपेक्षा कमी खोलीचा टायर हिवाळी मानतच नाहीत. अशा उतरलेल्या टायरवर एक उन्हाळा काढून घेऊ, पैसे वसूल होतील, असा विचार पुष्कळजण करतात. तीस अंशांच्या डांबरावर तो मऊ, चिरा पाडलेला ठोकळा ब्रेक दाबताच मुडपतो, गाडी जास्त अंतरावर थांबते आणि उरलेलं रबर झपाट्याने खरवडून जातं. तो संच त्याच वेळी दुकानात जमा करावा आणि नव्याची मागणी सप्टेंबरात नोंदवावी, तेव्हा अरुंद मापं अजून शिल्लक असतात.